न्यूआन्स्ड, आणि आमचे वकीलकाका

वकीलकाका देवमाणूस नव्हते.

आज पहाटे ते गेले. त्यांना देवमाणूस म्हणायचं नाही, ही ताकीद त्यांनीच दिली होती.

काका म्हणजे निफाड कोर्टातले जुने वकील. माझ्या वडिलांचे मित्र, आमचे शेजारी.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. 'न्यूआन्स्ड' शब्द आला की फळ्यावर अर्थ लिहायचा, 'सूक्ष्म छटा असलेला'. मुलं उतरवून घ्यायची. पुढचा शब्द.

हल्ली तो सगळ्यांच्या तोंडी आहे. मुलीला सरळ प्रश्न विचारला, की "मम्मी, इट्स न्यूआन्स्ड."

म्हणजे उत्तर द्यायचं नाही.

चूक. न्यूआन्स्ड म्हणजे गुळमुळीत नव्हे. अर्धं बरं, अर्धं वाईट असा हिशेबही नव्हे.

ते काय असतं, हे मी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या दहाव्याला ऐकलं.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी माइक लावतात. पिंड ठेवून कावळ्याची वाट बघायची आणि एकेकाने उठून श्रद्धांजली वाहायची. गेलेला प्रत्येक जण तिथे देवमाणूस असतो.

अण्णाही झाले. एकामागून एक भाषणं.

आई बायकांत बसली होती. नजर जमिनीवर. प्रत्येक 'देवमाणूस'ला पदर आणखी पुढे ओढत होती.

तिचं अख्खं आयुष्य त्या एका शब्दाखाली गाडलं जात होतं. आणि कोणी उघड निंदा केली असती, तर तीही तिला सोसली नसती.

मग काका उठले. अण्णांना ते माधवराव म्हणायचे.

"माधवरावांनी पोरीला कॉलेजला घातलं. भावकी हसली. हे रोज तिला सायकलवर डबलसीट घेऊन स्टँडवर जायचे आणि एसटी हलेपर्यंत उभे राहायचे."

माना डोलल्या.

"तिथून घरी यायचे. आमटीत मीठ कमी पडलं, की ताट भिंतीवर."

माना थांबल्या.

"मी शेजारी राहतो. सायकल पाहिली, भिंतीवरचे डागही पाहिले. दोन्हींचा मालक एकच. सायकलीत हवा आहे का ते वहिनी बघायच्या. भिंतही वहिनीच पुसायच्या. मला माधवराव फार प्रिय होते. सायकलवाल्या एकट्यालाच निरोप देऊन मी घरी जाऊ शकत नाही."

आणि खाली बसले.

एक चुलते उसळले. "वकील, लय झालं! मेल्या माणसाबद्दल आसं बोलायचं आसतं का?"

"मेलाय कोण, तेच सांगतोय," काका म्हणाले. "तुम्ही कुणाचा दहावा समजून आलात?"

मी आईकडे पाहिलं. तिने मान वर केली होती. पदर मागे सरकला होता आणि ती सगळ्यांदेखत रडत होती. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे कोणाला तरी दिसत होतं."

मग थोड्या वेळाने, "आज ते खरंच गेले गं."

मी थक्क झाले होते. अजून आहे. मी छटा शिकवत राहिले. या माणसाने दोन गडद रंग शेजारी ठेवले, एकालाही दुसऱ्याला पुसू दिलं नाही, आणि त्यातून अण्णा अख्खे उभे राहिले.

मागच्या महिन्यात भेटायला गेले, तर अंथरुणातून म्हणाले, "माझ्या दहाव्याला तू बोलायचं. देवमाणूस म्हणालीस, तर कावळ्याला मी स्वतः हाकलीन."

"मग काय बोलू?"

"वकील मी की तू? साक्षीदाराने पाहिलं ते सांगायचं."

ठीक आहे, काका. पाहिलं ते सांगते.

तुम्ही जन्मभर काकूंचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती 'अ' म्हणाली, की तुमचा निकाल तयार.

मग काकूंना अर्धांगवायू झाला. एकेक शब्द जुळवायला तिला फार वेळ लागायचा. तुम्ही खुर्ची ओढून समोर बसायचात. चहा गार व्हायचा, पक्षकार ओट्यावर ताटकळायचे. एकदा मी न राहवून तिला पुढचा शब्द सुचवला.

तुम्ही माझ्यावर ओरडलात, "गप्प बस! तिचं वाक्य आहे. तिला पुरं करू दे."

दहाव्याला मी एवढंच बोलणार आहे.

कमेंटमध्ये कोणी देवमाणूस लिहू नये. मी डिलीट करीन.

काका, तुम्हाला अख्ख्यांना भावपूर्ण श्रद्धांजली.