सुमेधाताईंची पौर्णिमा

आमच्या नणंदबाई, सुमेधाताई, भित्र्या न्हाईत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला तसं वाटंल अन् मला त्याचा राग येईल. चोवीस वर्षं झाली त्यांना उपकेंद्रात नर्स होऊन. वडीगोद्रीच्या आसपासची एक वस्ती अशी न्हाई जिथं त्यांची स्कूटी गेली न्हाई. बाळंतपण काय घड्याळ बघून येत न्हाई. कालव्याच्या कडंनं, उसाच्या फडातून, एकट्या जायच्या. तवा घरातल्या एकानं तरी विचारलं का, की ताई, बराबर पोचशील ना? न्हाई विचारलं. पगार यायचा, घर चालायचं, मंग कशाला विचारतील.

मी बेबीनंदा, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. हायवेच्या कडंला माझं झेरॉक्सचं दुकान हाय, लोकांचे फॉर्म बी भरून देते. आमचे हे, म्हंजे भारत, अंबडला शाळेत मास्तर हायेत. ताई यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. लग्न झाल्तं त्यांचं, चार वर्षांत माघारी आल्या. का आल्या ते त्यांनी सांगितलं न्हाई अन् मी विचारलं न्हाई. तवापासून आमच्याच घरात, माडीवरच्या खोलीत राहतात. यांचं डी.एड. ताईंच्या पगारावर झालं, हे बी सांगून टाकते. हे सांगत न्हाईत, म्हणून.

आता ताईंना काय पाहिजे होतं ते ऐका. एकच गोष्ट पाहिजे होती. श्रीलंकेत अनुराधपूरला बोधिवृक्ष हाय. अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं, इकडून समुद्रातून फांदी नेली, तिचं झाड. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला तिथली माणसं तिची आठवण करतात. पांढरे कपडे घालून, हातात कमळं घेऊन सांजच्याला जातात, दिवे लावतात. ताईंना त्या सांजेला त्या झाडापाशी बसायचं होतं. बस, एवढंच. अन् एकटीला बसायचं होतं. मागं विहारातल्या ग्रुपसंगं त्या बोधगयेला गेल्त्या. तिथं डोळे मिटून बसल्या न बसल्या तोच संयोजकानं शिट्टी वाजवली, चला, चला, गाडी लागली. ताई मला म्हणल्या, “बेबी, आता मला शिट्टी वाजवणारं कुणी नको.”

मी त्यांचा पासपोर्टचा फॉर्म भरला. व्हिसाचं बी मीच बघितलं. तयारी कशी करावी ते त्या बाईकडून शिकावं. दिवसा उतरणारं विमान घेतलं, अंधारात नवं गाव नको म्हणून. राहायला हॉटेल न्हाई, एका बाईचं घर शोधलं. कुसुमावती नाव तिचं, दोन लेकींसंगं राहती अन् वरच्या दोन खोल्या फक्त बायांना देती. तिच्याकडं राहून गेलेल्या बायांनी इंटरनेटवर जे लिहिलं होतं ते ताईंनी सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. पासपोर्टच्या झेरॉक्स तीन काढल्या, तीन ठिकाणी ठेवल्या. परकरला आतून चोरखिसा शिवला. रिक्षा कुठून करायची, पत्ता तिथल्या भाषेत कागदावर लिहून घ्यायचा, सगळं ठरलेलं. मला वाटलं, आता काय राह्यलं.

यांना सांगायचं राह्यलं होतं.

जेवताना ताईंनी सांगितलं. यांनी उचललेला घास ताटात ठेवला. “एकटी? ताई, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?”

“संघमित्रा गेल्ती की समुद्रातून,” ताई म्हणल्या. “तवा तर विमान बी न्हवतं.”

“ती एकटी न्हवती गेली. संगं अकरा भिक्खुणी होत्या.” मास्तर माणूस, आकडा बराबर पाठ.

आठ दिवस घर डोक्यावर घेतलं यांनी. मंग अटी घातल्या. फोनवर आपण कुठं हाय ते चोवीस घंटे दिसलं पाहिजे. ते आठ घंट्यांनी बंद पडतं, तर ताईंनी आठ घंट्यांच्या आत परत चालू करायचं. दिवेलागणीच्या आत खोलीत. अन् रोज सांजच्याला व्हिडिओ कॉल करून दाराची कडी लावलेली दाखवायची. ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणायला पाहिजे होतं की अहो, त्या सांजेसाठीच तर चालल्यात त्या, दिवेलागणीच्या आत कशा येतील? मी ताटात भाजी वाढली. ताई म्हणल्या, “बरं. सगळं कबूल.” पौर्णिमेच्या सांजेचं काय ते तिथं गेल्यावर बघू, असं त्यांनी मनात धरलं होतं. त्यांनीच मला नंतर सांगितलं.

यांना वाईट म्हणू नका पण. यांचं जेवण गेल्तं त्या दिवसांत. बहिणीवर जीव हाय त्यांचा, बिलकुल खोटा न्हाई. त्या जिवाचंच तर लफडं झालं सगळं.

मुंबईपर्यंत हे सोडायला गेले. जालन्याहून सकाळची रेल्वे. ताई खिडकीत, हे शेजारी, अन् मागच्या शिटावरचा माणूस दोन शिटांच्या फटीतून ताईंना बोटं लावून राह्यला. हे मोबाईलवर परदेशात सुरक्षित कसं राहावं त्याचा व्हिडिओ बघत होते, कानात वायरी घालून. ताईंनी साडीची पिन काढली अन् त्या बोटात घातली. तो माणूस पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेला. यांना आजपर्यंत हे माहीत न्हाई. साऱ्या प्रवासात ताईंना कुणी वंगाळ हात लावला असंल तर तो तिथं, भावाच्या शेजारी बसल्यावर.

अनुराधपूरला त्या बराबर पोचल्या. कुसुमावती बाई गल्लीच्या तोंडाशी घ्यायला उभी होती. मोठ्या बहिणीला तिकडं बी अक्काच म्हणतात, ती ताईंना अक्का म्हणायला लागली. फोनवर ताईंचा आवाज असा मोकळा मी कधी ऐकला न्हवता. मंग सांज झाली, अन् यांनी कडी दाखव म्हणलं.

त्या दाराला कडीच न्हवती. गोल मूठ होती, मधी बटन, ते दाबलं की दार लागतं. ताईंनी दाबून दाखवलं, ओढून दाखवलं. यांना पटंना. “बटनाला काय अर्थ हाय? कडी कुठंय? वर बघ, खाली बघ. कडी न्हाई तर कोयंडा तरी असंल.” हे असे ओरडून राह्यले जसं काय दारच न्हाई खोलीला. शेवटी काय ठरलं, तर खोलीतलं टेबल ओढायचं अन् दाराला लावायचं. जाड लाकडाचं टेबल. ताईंनी ओढलं. एक्कावन्न वर्षांची बाई, कंबरदुखीची, अन् मी फोनवर बघत बसले. मंग हे म्हणले, “हां. आता झोप निवांत.”

दुसऱ्या दिवसापासून फोनला उसंत न्हाई. फॅमिली ग्रुपवर यांचे चुलतभाऊ अण्णासाहेब हायेत, त्यांना दुसरं काम न्हाई. कुठं कोणत्या बाईला कसं फसवलं, कुठं पाण्यात काय घालून दिलं, असे व्हिडिओ दर घंट्याला. कुठल्या देशातले, कधीचे, खरे का खोटे, देव जाणे. ताई आधी हसायच्या. मंग हसायच्या बंद झाल्या. कुसुमावतीच्या लेकीनं शहाळं आणून दिलं तर ताई तिला म्हणल्या, “आधी तू पी.” ती पोरगी हसत पिली. ताईंना शरम वाटली अन् त्यांनी मला रात्रीच्या जेवणाआधी हळूच सांगितलं, “बेबी, मी काय करून राह्यले हे?”

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी त्या रिक्षानं एक स्तूप बघायला निघाल्या. रिक्षावाला म्हातारा, कुसुमावतीच्या ओळखीतला. हे शाळेतून फोनच्या नकाशावर ताईंचा ठिपका बघून राह्यले होते. गर्दीसाठी रस्ता बंद केल्ता म्हणून रिक्षावाला मधल्या वाटेनं वळला. यांनी लगेच कॉल केला. “ताई, उतर. आत्ताच्या आत्ता उतर, तो भलतीकडं नेऊन राह्यला.” ताई घाबरल्या. चालत्या रिक्षात त्याच्या पाठीवर मारलं, थांबवलं, उतरल्या अन् उन्हात पळत सुटल्या. चप्पल तुटली. गुडघा फुटला. मागं बघितलं तर तो म्हातारा पळत येऊन राह्यला, म्हणून अजून जोरात पळाल्या. त्याच्या हातात ताईंची छत्री होती, रिक्षात राह्यलेली. एका दुकानासमोर त्यानं ती खाली ठेवली, लांबूनच हात जोडले अन् माघारी गेला. आसपासची माणसं बघत होती.

हे सगळं सांगताना ताई रडल्या न्हाईत. नुसत्या म्हणल्या, “तो माझ्या बापाच्या वयाचा होता गं.”

मंग पौर्णिमा उजाडली. त्या दिवशी यांची शाळेत मीटिंग होती. मला यांचा फोन आला, “आजचा कॉल तू घे. दार बघ. जल्दी करू नको, नीट बघ.” मी दुकानातच होते. साडेपाचला मी व्हिडिओ लावला. ताई खाटेवर बसलेल्या. पांढरी साडी नेसलेली, त्याच सांजेसाठी म्हणून अंबडहून आणली होती ती. केस विंचरलेले. शेजारी ताटलीत कमळं. दाराला टेबल लावलेलं.

बाहेरून दारावर टकटक झाली. कुसुमावती हाक मारत होती, अक्का, अक्का. तिच्या लेकी निघाल्या होत्या झाडाकडं, ताईंना न्यायला आल्त्या.

माझ्यात कुठून बळ आलं काय माहीत. मी म्हणलं, “ताई, जा. टेबल सरकवा अन् जा. फोन तिथंच ठेवा, ठिपका खोलीत दिसंल. यांना मी सांगते, डोकं दुखत होतं, लवकर झोपल्या. जा तुम्ही.”

त्या उठल्या. टेबलाला हात लावला. एवढा एक इंच सरकलं असंल. मंग तशाच उभ्या राह्यल्या, पाठ माझ्याकडं करून.

“ताई, काय झालं?”

“पाय निघंना गं.”

“यांना नका भिऊ. यांचं मी बघते.”

“त्याला न्हाई भीत मी, बेबी.” त्यांनी फोन हातात घेतला, तोंडाशी आणला. “मला तिथं गर्दीत जायचंच भ्या वाटून राह्यलं. कोण धरंल, कोण काय देईल, कुठं नेईल. मला माहीत हाय काही होणार न्हाई. तरी वाटून राह्यलं.”

टकटक थांबली. जिन्यावरून उतरल्याचा आवाज मला दुकानात बसून ऐकू आला. मी परत परत म्हणलं, जा, जा, अजून गाठताल त्यांना. ताई म्हणल्या, “तू हे त्या दिवशी जेवताना म्हणायचं होतंस.”

त्यांनी फोन खिडकीकडं केला. खाली रस्ता भरून पांढरे कपडे चालले होते. बाया, पोरी, म्हाताऱ्या, लेकरं कडेवर. कुणी पळत न्हवतं, कुणी कुणाला ढकलत न्हवतं. कितीतरी बाया एकट्या होत्या. तेवढ्यात माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं, आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे म्हणून. मी फोन काउंटरवर ठेवून झेरॉक्स काढली. परत बघितलं तवा ताई खिडकीतच होत्या. अंधार पडेपर्यंत मी कॉल बंद केला न्हाई. ते झाड तिथून दिसत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडापाशी गेल्या. कमळं वाहिली. झाडलोट चालू होती, विझलेल्या वाती पोत्यात भरत होते. थोडं बसल्या अन् निघाल्या, कारण दुपारी परतीचा प्रवास होता.

घरी आल्यावर यांच्या आनंदाला पारावार न्हाई. जो भेटंल त्याला सांगायचे, “आमची ताई एकटी परदेशात जाऊन आली. नख लागलं न्हाई.” गुडघ्याची खपली साडीखाली होती. रविवारी विहारात यांनी ताईंचा सत्कार ठेवला. सगळी वस्ती जमली. आमची प्रियदर्शनी अकरावीला हाय, ती तिच्या मैत्रिणींना घेऊन पुढंच बसली. हे आधी दहा मिनिटं बोलले. मंग ताईंना म्हणले, “सांग ताई, पौर्णिमेचा सोहळा कसा होता ते सांग सगळ्यांना.”

ताई उभ्या राह्यल्या. मला वाटलं, खिडकीतून जे दिसलं तेच सांगतील, वेळ मारून नेतील. मी बी तेवढीच आशा धरून बसले होते.

“सोहळा मी बघितला न्हाई,” ताई म्हणल्या. आवाज बिलकुल हलला न्हाई. “त्या सांजेला मी खोलीत होते. दाराला टेबल लावून बसले होते. मला न्यायला आल्त्या, तरी गेले न्हाई. तिथं भिण्यासारखं काहीच न्हवतं. ती भीती मी घरून घेऊन गेल्ते.”

मी यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता यांना समजलं. आता हे खाली बघतील. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे उठले. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. ताईंच्या खांद्यावर हात ठेवला अन् सगळ्यांकडं तोंड करून म्हणले, “ऐकलं का? याला म्हणतात समजदार बाई. एवढा मोठा सोहळा सोडला, पण घरच्यांचा शब्द न्हाई मोडला. म्हणून आज सुखरूप आपल्यासमोर उभी हाय. आपल्या पोरींनी ताईकडून हेच शिकायला पाहिजे.”

ताईंनी यांच्याकडं एकदा बघितलं अन् खाली बसल्या. मागून टाळ्या सुरू झाल्या. मंग पुढं बसलेल्या पोरींनी बी वाजवल्या.