स्टॉपर किशोर आणि सर्वपित्रीचं ताट

किशोर भोये मुंबईतल्या एका कंपनीच्या संघातून पगार घेऊन फुटबॉल खेळायचा, हे नाशिकला शेवटपर्यंत पटलं नाही. फुटबॉलचा कुणी पगार देतं का? शहाण्णव साली त्याचा सत्कार झाला, तेव्हा नगरसेवकांनी शाल-नारळ देऊन "आपल्या नाशिकचा नामवंत कबड्डीपटू" अशी त्याची ओळख करून दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. किशोरनं चूक सुधारली नाही. बचाव फळीतल्या माणसाला याची सवयच असते. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो. गोल होऊ न देणाऱ्याची फार तर पाठ दिसते, तीही कडेला.

पेठ तालुक्यातला पाडा, आश्रमशाळा, अनवाणी खेळ आणि तिथून थेट मुंबई. संघात तो स्टॉपर होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. समोरून येणाऱ्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. ते तो इतकं मनापासून करायचा, की रस्त्यातल्या म्हशीही त्याला वळसा घालून जात असाव्यात.

अठ्ठ्याण्णव साली गोव्यात अंतिम सामना होता. वडील गेल्याचा गावाहून फोन सकाळीच आला होता, पण मॅनेजरनं निरोप दिला तो सामना संपल्यावर. चांगला स्टॉपर ऐन वेळी आणायचा कुठून? किशोर घरी पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. "बापाला तुझ्या हातचं पाणीबी नाय मिळालं," एवढंच त्याची आई झुंबरबाई म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि तो ते कधी विसरला नाही.

पुढे गुडघा गेला. मग संघही गेला, कारण कंपनीला फुटबॉलपेक्षा काटकसरीचा खेळ आवडू लागला. किशोर नाशिकला परतला आणि गंगापूर रोडवर विहंग नावाच्या तरुण मालकाच्या जिममध्ये 'फिटनेस कोच' झाला. गंगापूर रोडवर तेव्हा नुकताच घाम विकत मिळू लागला होता. आम्ही मंडळी हाकेच्या अंतरावरच्या जिमला स्कूटरवरून जायचो, तिथं यंत्रावर चालायचो आणि चालून दमलो की मिसळ खायला निघायचो. किशोर दारात आडवा उभा राहायचा. "सर, मिसळ नाही!" भल्याभल्या खेळाडूंना न जमलेलं आम्हाला जमायचं. आम्ही त्याला चकवून जायचो.

त्याचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे पंचवटीतले यज्ञेश्वर गुरुजी. डॉक्टरांनी त्यांना हृदयाची भीती घातली होती, आणि पुढ्यात पितृपक्ष होता. रोज कुणाकडे तरी श्राद्धाचं जेवण, म्हणजे खीर आली, वडे आले.

"अरे, मी कुठे खातो? पितर खातात," गुरुजी समजावायचे. "ब्राह्मणानं हात आखडला की यजमानाचे पितर उपाशी परत जातात."

"मग वजन पितरांचं का वाढत नाही, गुरुजी?"

एके दिवशी तर किशोर यजमानाच्या दारातच हाताची घडी घालून उभा राहिला. यजमानांना वाटलं, गुरुजींना कुणाची तरी धमकी आलेली दिसते. त्यांनी अंगरक्षकालाही दोन वडे दिले.

"सगळीकडे अडवतोस, पण एकदा स्वतःच्या घरी जेवायला बोलाव की!" गुरुजी येता-जाता म्हणायचे. "तू मला मुलासारखा."

हे किशोरनं खरं मानलं. झुंबरबाई आता पेठ रोडवर त्याच्याजवळ राहत होती. "मुलूखभरची माणसं बापाला जेवू घालाया नाशकात येत्यात," ती म्हणाली, "आन आपण हितं राहून तुझ्या बापाला कधी घातलं नाय." सर्वपित्रीला गुरुजींना बोलवायचं ठरलं. किशोरला इतक्या आनंदात मी सत्कारातही पाहिलं नव्हतं. मलाही आमंत्रण होतं, म्हणून गुरुजींना मीच स्कूटरवर बसवून नेलं.

झुंबरबाईनं गावाहून आणलेल्या तांदळाची खीर केली होती. वड्यांचा तर ढीग होता. किशोर रोज घरी येऊन गुरुजींच्या वड्यांबद्दल कुरकुरायचा. त्यातून तिनं एवढंच ध्यानात ठेवलं होतं, की गुरुजींना वडे आवडतात.

गुरुजींनी मंत्र अगदी खणखणीत म्हटले. किशोरच्या हातून पाणी सोडवलं. मग ताट आलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, ताट धरणाऱ्या झुंबरबाईकडे पाहिलं, आणि पोटावरून हात फिरवला.

"नको रे बाबा. तूच सांगितलंयस ना, डाएट! कोरडा शिधा दे बांधून."

"गुरुजी, आजच्या दिवस सूट. मीच देतो."

"छे छे! शिस्त म्हणजे शिस्त."

पाणी दिलं, तेही नको म्हणाले. पाण्यात वजन वाढवणारं काय असतं, ते मला अजून कळलेलं नाही. संताप असा आला, की स्कूटरची किल्ली मी खिशात टाकली आणि म्हटलं, "कोपऱ्यावर रिक्षा मिळेल, गुरुजी." शिधा घेऊन ते गेले.

झुंबरबाई ताट हातात घेऊन तशीच उभी होती. "कालवर तं खात व्हते ना रं?"

"डॉक्टरनं बंद केलंय, आये," किशोर म्हणाला. इतका दुबळा बचाव त्यानं आयुष्यात केला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी जिममध्ये वजनकाट्यावर उभे राहिले. काटा किंचित उतरला होता. विहंगनं सगळ्यांना गोळा केलं.

"काल समोर आलेलं श्राद्धाचं ताट परत पाठवलं!" गुरुजी म्हणाले. "सगळी या किशोरची शिकवण." टाळ्या पडल्या.

किशोरनं टाळ्या संपू दिल्या.

"ब्राह्मणानं हात आखडला की पितर उपाशी जातात, असं तुम्हीच सांगितलं होतं, गुरुजी," तो म्हणाला. "काल तुमच्याबरोबर माझ्या बापानंही डाएट केलं."