दोघांनी पाहिला तरच

फोनवर रफिकचं नाव उमटलं आणि मी नेहमीच्या प्रेमानं सुरुवात केली, "काहून रे, कुठी मेला होता इतके दिवस?" पलीकडून भाभींचा आवाज आला, "गुरुजी, ये सुबह चले गये." नको तेव्हा तोंड उघडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या दिवसापासून फोन उचलला की आधी समोरच्याला बोलू देतो.

आर्णीत रफिकचं कापडाचं दुकान, माझी शाळेतली नोकरी. दर हिवाळ्यात गावाबाहेरच्या तलावावर उतरणारे पाहुणे पक्षी आम्ही मोजायचो. म्हणजे तो मोजायचा, मी जाहीर करायचो. पहिल्याच वर्षी धुक्यात मी ओरडलो, "पट्टकदंब! हिमालय ओलांडून आलेले हंस!" रफिकनं स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, तुह्या हंसावर युरिया लिहून हाय." पाण्यावर खताची रिकामी पोती तरंगत होती. तेव्हापासून त्याचा नियम झाला, दोघांनी पाहिला तरच पक्षी यादीत. एकानं पाहायचं, डावीकडे सरकायचं, मग दुसऱ्यानं डोळा लावायचा.

पुढं एकदा तो थर्मास आणायला मोटरसायकलकडे गेला आणि तेवढ्यात खरेखुरे पट्टकदंब माझ्या डोक्यावरून गेले. मी शपथांवर शपथा घेतल्या. "मी काय खोटं बोलून राह्यलो का?"

"खोटं नाही रे. पर तुह्यावर युरियाचा डाग हाय ना!"

त्यानं लिहू दिलं नाही. चहा मात्र मलाच जास्त ओतला. नंतरच्या प्रत्येक थंडीत आम्ही फक्त त्यांचीच वाट पाहिली... ते आले नाहीत.

गेल्या आठवड्यात एकटाच गेलो. थर्मास मीच भरला, तोही वेड्यासारखा दोघांपुरता. तुरीच्या शेताकडच्या काठाला ते उभे होते. पांढरं डोकं, त्यावर दोन काळे पट्टे. नीट निरखलं, अंगावर कुठं काही लिहिलेलं नव्हतं. डोळा काढला आणि डावीकडे सरकलो.

दुर्बिणीपुढची जागा मोकळी होती... मी थांबलो. पक्षी उठले, तलावावर एक फेरी मारून निघून गेले.

यादीत ते लिहिले नाहीत. पण अजूनही बघण्यासारखं काही दिसलं, घरच्या खिडकीतून का असेना, तर पाहून झालं की मी थोडा डावीकडे सरकतो.