पार्सलच्या खिडकीतला माणूस

नागपुरात लेकानं मला जपानी हॉटेलात बसवून भाताची सुशी खाऊ घातली. आमच्या गोंदियाकडं जेवल्यावर रांधणाऱ्याला हात जोडतात. मी समोर आचाऱ्याच्या पोशाखात उभ्या, जपान्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला जोडले.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच पार्सलच्या खिडकीतून गरम भाताचा म्हणून डबा घेतला. भात थंडा. मी खिडकीतल्या माणसावर भडकलो, "धान पिकवतो मी. असा भात देता काऊन?"

ओले हात पुसत तो आमच्याच बोलीत म्हणाला, "बाबाजी, काल तुमी हात जोडले, तो भातबी माह्याच हातचा. मी आतून पाहून राहिलो होतो. टेबलवाल्यायले माहं तोंड दाखवत नाहीत. पार्सलवाले तोंड पाहत नाहीत."

मी माफी मागितली नाही. डबा मात्र तिथंच उभ्यानं शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. पुढचा डबा भरताना त्यानं मान वर केली नाही.