विहिरीचंच पाणी

श्रीमंततात्यांकडं श्रीमंती म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे विहीर. नळदुर्गच्या अलीकडं, माळाच्या पायथ्याला, आजोबांनी खणलेली, सात परस खोल. दुष्काळातही तिनं कधी तळ दाखवला नव्हता. तात्या तिचं कौतुक असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, पाणी यांनीच घातलंय. पुढं तेही करायची पाळी आली.

माळावर खडीची खाण निघाली. दुपारी सुरुंग उडायचे, घरातली भांडी वाजायची. खाणीचा खड्डा विहिरीच्या तळाखाली गेला आणि झरे तिकडं फुटले. खाणवाले ते पाणी पंपानं ओढ्यात सोडून देत आणि इकडं तात्यांचा कांदा वाळत होता. रोज सुरुंग झाला की तात्या विहिरीत खडा टाकून कान देत. आधी ‘डुबुक’ यायचं. माघात नुसतं ‘खट्ट’ उरलं. खाणवाल्यांनी आणखी अठरा एकर मागितलं, तेव्हा तात्यांनीच गाव जमवलं, खाणीविरुद्ध अर्ज केला, पहिली सही ठोकली. विहिरींची सरकारी पाहणी ठरली. पथक मंगळवारी येणार होतं.

त्याच्या आधीच्या गुरुवारी तात्यांच्या उत्कर्षला बघायला पाहुणे यायचे होते. पोराला एकतिसावं लागलेलं. तीन स्थळं विहिरीत डोकावून, चहा पिऊन परत गेली होती. हेही गेलं तर पोरगं बिनलग्नाचं राहील, म्हणून त्याच्या आईनं, हरणाबाईंनी, जेवण सोडलं. मंगळवारपर्यंत जिरून जाईल या हिशेबानं बुधवारी तात्यांनी चार टँकर आणून विहिरीत रिकामे केले आणि खडा टाकला. ‘डुबुक’ ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

टँकर सगळ्या गावानं बघितले. पण दुसऱ्याच्या पोराचं लग्न मोडायचं पाप कोण घेणार? गाव गप्प बसलं.

गुरुवारी मुलीचे वडील धनाजीराव विहिरीवर वाकून खूश होत होते, तोच पाहणीची जीप बांधाला लागली. मंगळवारी दुसरं काम निघालं म्हणून पथकाच्या सोनाली मॅडम आधीच आल्या होत्या. त्यांनी फीत सोडली. आठ फूट पाणी. त्यांना नवल वाटलं. शिवारातल्या बाकीच्या अकरा विहिरी कोरड्या, आणि खाणीला सगळ्यात लागून तर हीच.

“काका, हे पाणी विहिरीचंच आहे ना?”

धनाजीराव शेजारीच उभे होते. तात्या फितीकडं बघत राहिले.

“व्हय,” ते म्हणाले. “विहिरीचंच.”

लग्न उरकलं की धाराशिवला मॅडमच्या कचेरीत जाऊन खरं सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. वैशाखात लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी ते एसटीनं गेलेही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि अहवालातली ओळ दाखवली. खाणीलगतच्या विहिरीतच पाणी असल्यानं बाकीच्या विहिरी आटण्याचा खाणीशी संबंध दिसत नाही, असं तिथं होतं. झालं ते लेखी द्या, मी वर पाठवते, असं म्हणून त्यांनी कोरा कागद पुढं केला. तात्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढं हात चालेना. कागदाची घडी खिशात घालून ते परतीच्या गाडीत बसले. महिनाभरात अठरा एकर मंजूर झालं.

नवी सून प्रतीक्षा एका दुपारी भाकरी घेऊन शेतात आली. नुकताच सुरुंग उडाला होता. तात्यांचं बघून तिनंही विहिरीत खडा टाकला. ‘खट्ट’ वाजलं.

“मामा, बाबा म्हणत हुते, पाणी लई हाय. कुठं गेलं?”

“खाणीनं नेलं, पोरी.”

“मग गावानं अर्ज कसा न्हाय केला?”

तात्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

“केला हुता,” ते म्हणाले. “पहिली सही माझीच हुती.”