जनूच्या नडगीवरची ती एक जागा

दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही कधी भित्रा म्हटलं आहे का? मी म्हटलं आहे — छापून म्हटलं आहे. पण आज जे सांगतोय ते त्याहून वाईट आहे, आणि ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. जनूलाही नाही.

जनू आमच्या तालमीतला धावपटू. रोज सड्यावरच्या कातळावर अनवाणी धावायचा. गुहागरच्या पोरांशी शर्यत ठरली आणि मी पत्रक काढलं — 'दुखणं हा गुलामाचा बहाणा आहे!' भर बाजारात वाटलं. लोकांनी पाठ थोपटली. मला आणखी काय हवं होतं?

तेवढ्यात जनूची नडगी दुखायला लागली. तालमीत त्यावर उपाय ठरलेला — गरम तेल लावून जोरात रगडायचं, वर घट्ट पट्टी बांधायची, की पुन्हा धाव. मीच रगडायचो. तो दात आवळायचा आणि वर हसायचा. "मेल्या, शर्यतीत तुझं पत्रक धावणार की माझा पाय?"

शेवटी त्यानं मलाच डॉक्टरांकडे धाडलं. "तूच विचारून ये. मी गेलो तर पायाला फळ्या बांधून बसवील."

डॉक्टरांनी विचारलं, बोटानं दाबलं तर एकाच जागी कळ येते का? येत होती. ती जागा माझ्या अंगठ्याला पाठ होती.

"मग हाडाला चीर जातेय. रगडू नका. दाबल्यावर दुखायचं थांबेपर्यंत धावणं बंद. नाहीतर मोडेल."

घाटी उतरताना माझ्या डोक्यात काय होतं? — पत्रक. आता ते खोटं पडणार, एवढंच.

"काय रे, म्हणाला काय?" जनूनं विचारलं.

"शीर धरलीय म्हणाला. तेल लाव."

एवढं बोललो — आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन रगडलाही.

शर्यतीत, बंदराच्या वळणावर, हाड मोडलं. आवाज मला ऐकू आला. पुढे ते वाकडं जुळलं. जनू बोटीवर खलाशी म्हणून जाणार होता. लंगड्याला शिडीवर कोण चढवतो? आता तो धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी सांधतो. मला पाहिलं की हाक मारतो — "ये रे, पत्रकवाल्या!" आणि त्या डॉक्टरला अजून शिव्या घालतो. मी — ऐकून घेतो.

हे छापून आलं की पहिल्यांदा त्यालाच वाचून दाखवणार आहे. तो काय करील, ते त्याचं त्यानं ठरवावं.

तुमच्या तालमीत कुणी नडगी धरून बसला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा. बोटानं दाबून बघा. एकाच जागी कळ आली तर त्याला डॉक्टरांकडे न्या — आणि डॉक्टर बोलतील ते त्याच्या कानांनी त्याला ऐकू द्या.