रांगेतली चप्पल

सकाळी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात दार वाजलं. पिठाच्या हातानंच कडी काढली. दारात भाग्यश्री, आमची शेजारीण. इथल्या एका भातखरेदी संस्थेत ती खिडकीवर नोंदी घेते.

"वैनी, आणखी एक तक्रार आली तर मला खिडकीवरनं उठवणार हायत."

"केलंस काय गं एवढं?"

"कोंडाजीमामांचा सातबारा घरी राहिला, पार ठाकुरवाडीला. म्हटलं, आणा जाऊन, तवर तुमची नोंद उघडी ठेवते."

तिचं हे नेहमीचंच. बारावीनंतर कर्जतला टायपिंग शिकली, तीन वर्षं या खिडकीवर आहे. माणसं चेहऱ्यानं ओळखते. गेल्या हंगामात बायजाबाई कागद आणायला गेल्या आणि तेवढ्यात गोदामातली जागा भरली. गोण्या परत न्याव्या लागल्या. तेव्हापासून कुणी कागदासाठी गेलं, की ही त्याची अर्धी नोंद पडद्यावर तशीच ठेवते. माणसं रांगेत चप्पल ठेवून जातात ना, तशी.

पण तिच्या पडद्यामुळे कुणाचं काय अडतं, ते मला कळेना. मी विचारलंच.

"आमच्याच संस्थेच्या कर्जतच्या खिडकीवर कपिल बसतो, पण गोदाम दोघांचं एकच. समजा, चाळीस गोण्यांची जागा उरलीय. मी नोंद भरायला घेतली, की कॉम्प्युटर त्या आकड्याला कुलूप घालतो. कपिलला आकडा दिसतो, पण बदलता येत नाय. मी सेव्ह करीन नायतर रद्द करीन, तेव्हाच कुलूप निघतं."

"आणि कुलूपच नसतं तर?"

"तर त्यालाबी चाळीस दिसणार, मलाबी चाळीस. दोघांनी दिली जागा, तर वरच्या चाळीस गोण्या ठेवायच्या कुठं? तुमच्या माळ्यावर?"

मी हसले. म्हणजे कुलूप शहाणंच. पण ते मिनिटभरासाठी असतं, आणि हिनं काल ते दोन तास धरून ठेवलं. मामा कागद घेऊन येईपर्यंत कर्जतला अठरा जण ताटकळले. तिथल्यांनी शोधलं, तर कुलूप हिच्या नावावर.

"मग कागद बघूनच नोंद उघडायची की गं."

"कळतंय वैनी. पण म्हातारं माणूस समोर उभं राहिलं, की माझ्या तोंडातनं 'नाय' निघत नाय."

भाकरी तव्यावर करपत होती. तिनंच ती उलटली.

"तुमचं अक्षर चांगलं हाय. मला एक पाटी लिहून द्या. मोठ्या अक्षरात. 'सगळे कागद हातात असतील तरच खिडकीशी या.'"